लष्कराच्या तिजोरीतला प्लाझ्मा

प्लाझ्मा भौतिकीत संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्याच्या टेबलावर, मग तो प्रिन्स्टनचा असो की गांधीनगरचा, खिशात मावेल एवढी एक पुस्तिका बहुधा सापडतेच. तिच्यात वाचण्यासारखे असे काही नसते. एककांची रूपांतरे, टकरींच्या दरांची सूत्रे, चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉन किती वेगाने घिरट्या घालतो त्याचे गणित, आणि आंतरतारकीय वायूपासून लेसरने पेटवलेल्या प्लाझ्मापर्यंत सगळ्यांची घनता आणि तापमान शेजारीशेजारी मांडणारा एक तक्ता, एवढाच तिचा ऐवज. गणित करताना अडलेला माणूस ती उघडतो, हवा तो आकडा उचलतो आणि मिटून ठेवतो. ही पुस्तिका काढते अमेरिकेची नौदल संशोधन प्रयोगशाळा, आणि तिचा खर्च उचलते नौदल संशोधन कार्यालय. सूर्याच्या प्रभामंडळाचे तापमान आणि युद्धनौका यांचा संबंध काय, हा प्रश्न ती रोज वापरणाऱ्यांच्याही मनात सहसा येत नाही. तो यायला हवा, कारण गेल्या पाऊणशे वर्षांत या शास्त्राचा मोठा भाग लष्करी पैशावर वाढला आहे.

आधी प्लाझ्मा म्हणजे काय ते पाहू. वायूला पुरेशी ऊर्जा दिली की त्याच्या अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि मागे धनभारित आयन उरतात. या सुट्या भारांच्या सरमिसळीला आयर्विंग लँगम्यूर यांनी १९२८ मध्ये प्लाझ्मा हे नाव दिले. आकाशात चमकणारी वीज, पेटलेली ट्यूबलाइट, वेल्डिंगचा झगझगीत कंस आणि अख्खा सूर्य ही त्याचीच रूपे. साध्या वायूतला रेणू दुसऱ्या रेणूला धडकेपर्यंत त्याची दखल घेत नाही. प्लाझ्मातला प्रत्येक कण मात्र दूरवरच्या असंख्य कणांना एकाच वेळी ओढत किंवा ढकलत असतो. कण हलले की विद्युतप्रवाह तयार होतो, प्रवाहामुळे चुंबकीय क्षेत्र तयार होते, आणि ते क्षेत्र पुन्हा त्याच कणांची वाट बदलते. त्यामुळे प्लाझ्माची मूळ समीकरणे शतकभरापूर्वीच माहीत असूनही ती सोडवून प्रत्यक्ष वर्तन आधी सांगणे आजही अवघड आहे. विषय अवघड, उत्तराची खात्री नाही, यंत्रसामग्री महाग, आणि बाजारात लगेच विकता येईल असे काही हाती लागण्याची शक्यता कमी. असल्या विषयावर दीर्घकाळ पैसा घालणारे थोडेच असतात. त्यांतले एक म्हणजे लष्कर.

लष्कराला प्लाझ्माची ओढ लागली ती विज्ञानप्रेमातून नव्हे, तर प्लाझ्मा त्याच्या वाटेत येऊन उभा राहिला म्हणून. पहिली अडचण रेडिओची होती. साधारण ६० किलोमीटरच्या वर सूर्यप्रकाशामुळे वातावरण अंशतः प्लाझ्मा झालेले असते. या आयनांबरावर आपटून परतणाऱ्या लघुलहरींच्या जोरावरच समुद्रातली जहाजे हजारो किलोमीटरवरच्या तळाशी बोलत असत, आणि सूर्यावर वादळ झाले की हे बोलणे तुटत असे. दुसरी अडचण क्षेपणास्त्रांनी आणली. आंतरखंडीय क्षेपणास्त्राचे अग्र सेकंदाला सुमारे सात किलोमीटर वेगाने वातावरणात परत शिरते, तेव्हा त्याच्या पुढ्यातली हवा चिरडली जाऊन हजारो अंशांपर्यंत तापते आणि अग्राभोवती प्लाझ्माचे आवरण तयार होते. हे आवरण ठराविक वारंवारतेखालच्या रेडिओ लहरी आत घेत नाही, बाहेर सोडतही नाही. अवकाशयात्री परतताना काही मिनिटे संपर्क तुटतो तो यामुळेच. ही सीमा इलेक्ट्रॉनांच्या घनतेवर ठरते: घनता चौपट झाली की ती वारंवारता दुप्पट होते. लष्कराचा प्रश्न असा होता की अग्र जळून जाईल की टिकेल, त्याच्याशी बोलता येईल का, आणि शत्रूचे अग्र खरे की फसवे हे त्यामागे उरणाऱ्या प्लाझ्माच्या शेपटावरून रडारला ओळखता येईल का.

हे प्रश्न सोडवण्यासाठी आर्थर कँट्रोवित्झ यांनी १९५५ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील एव्हरेट येथे ॲव्हको कंपनीची प्रयोगशाळा उभी केली. तिचे मुख्य हत्यार दिसायला अगदी साधे होते. एका लांब नळीच्या मध्ये पातळ पडदा लावायचा, एका बाजूला प्रचंड दाबाचा वायू आणि दुसऱ्या बाजूला विरळ हवा ठेवायची, आणि पडदा फोडायचा. नळीतून धावत जाणारी आघातलहर हवेला क्षणभर त्याच तापमानाला नेते, जे क्षेपणास्त्राच्या अग्रापुढे असते. सगळा खेळ सेकंदाच्या अत्यल्प अंशात संपतो, आणि मोजमाप तेवढ्यातच उरकावे लागते. विषय अग्राच्या तापण्याचा असला, तरी नळीत तयार होणारी वस्तू प्लाझ्मा होती आणि तिथे काम करणारे लोक भौतिकशास्त्रज्ञ होते. त्यांच्यापैकीच हॅरी पेटशेक यांनी १९६४ मध्ये सूर्यावरील ज्वाला इतक्या झटकन कशा भडकतात, म्हणजे चुंबकीय रेषा तुटून पुन्हा जोडल्या जाताना ऊर्जा इतक्या वेगाने कशी सुटते, याचे एक स्पष्टीकरण मांडले, आणि ते आजही खगोलभौतिकीत शिकवले जाते. क्षेपणास्त्राच्या नळीतून सूर्यापर्यंतची ही वाट कोणी आखून दिलेली नव्हती. एकाच खोलीत बसणाऱ्यांनी एकच समीकरण दोन ठिकाणी लावून पाहिले, इतकेच.

तिसरे कारण अणुबॉम्बचे, आणि इथे चित्र काळवंडते. १९५१ मध्ये खगोलशास्त्रज्ञ लायमन स्पिट्झर यांनी प्रिन्स्टन येथे सूर्यासारखी संमीलन ऊर्जा, म्हणजे हलके अणुगर्भ एकत्र जुळताना सुटणारी ऊर्जा, चुंबकीय पिंजऱ्यात पकडण्याचे काम सुरू केले, तेव्हा त्या मॅटरहॉर्न प्रकल्पाचा दुसरा हिस्सा हायड्रोजन बॉम्बच्या गणिताचा होता. दोन्हींचा पैसा अमेरिकी अणुऊर्जा आयोगाकडून येत होता आणि दोन्हींवर गोपनीयतेचा शिक्का होता. १९५५ च्या ऑगस्टमध्ये जिनिव्हा येथील शांततामय अणुऊर्जेच्या परिषदेत अध्यक्षपदावरून बोलताना आपल्या होमी भाभांनी दोन दशकांत संमीलन ऊर्जा नियंत्रणात येईल असे भाकीत केले, तेव्हा त्या सभागृहातल्या कितीतरी जणांना आपापल्या देशातल्या गुप्त कामाविषयी अवाक्षरही काढता येत नव्हते. १९५८ मध्ये त्याच शहरात दुसरी परिषद भरली आणि अमेरिका, ब्रिटन, सोव्हिएत संघ यांनी संमीलनाचे संशोधन खुले केले. त्यामागे उदारपणा होता तसा नाइलाजही होता, कारण चुंबकीय पिंजऱ्यात प्लाझ्मा कोणाच्याच हाती टिकत नव्हता. भाभांची दोन दशके केव्हाच उलटली. त्यांनी अडचणीचा अंदाज चुकवला खरा, पण त्या काळात तो कोणाचा बरोबर आला होता?

त्याच १९५८ साली निकोलस क्रिस्टोफिलोस यांची कल्पना प्रत्यक्षात उतरली. हा मूळचा अथेन्समधला लिफ्टच्या व्यवसायातला अभियंता, फावल्या वेळात भौतिकी शिकलेला. वातावरणाच्या वर अण्वस्त्र फोडले तर त्यातून निघणारे इलेक्ट्रॉन पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात अडकून राहतील, आणि त्यांचे कवच शत्रूच्या क्षेपणास्त्रांना निकामी करील, असे त्याचे म्हणणे होते. त्या उन्हाळ्याच्या अखेरीस अमेरिकेने दक्षिण अटलांटिकवर तीन छोटे स्फोट केले. एक्सप्लोरर-४ या उपग्रहाने मोजले तेव्हा इलेक्ट्रॉन खरोखरच अडकलेले दिसले, मात्र कवच म्हणावे इतके ते दाट नव्हते. शस्त्र म्हणून योजना फसली. चुंबकीय क्षेत्रात कण कसे कोंडले जातात याचा पृथ्वीएवढ्या आकाराचा प्रयोग म्हणून ती यशस्वी झाली. पुढे ९ जुलै १९६२ रोजी पॅसिफिक महासागरातल्या जॉन्स्टन बेटाच्या वर ४०० किलोमीटर उंचीवर १.४ मेगाटनचा स्टारफिश प्राइम स्फोट झाला, आणि सुमारे १,४०० किलोमीटरवरच्या होनोलुलूमध्ये रस्त्यावरचे काही दिवे बंद पडले. दुसऱ्याच दिवशी सोडलेला टेलस्टार हा दळणवळण उपग्रह अडकून राहिलेल्या त्या किरणोत्साराने काही महिन्यांत निकामी झाला. आपल्याच स्फोटाने आपलेच उपग्रह मारल्यावर अमेरिकी हवाई दल पृथ्वीभोवती अडकलेल्या कणांच्या या पट्ट्यांच्या अभ्यासातून कधीच बाहेर पडले नाही. अडकलेले इलेक्ट्रॉन अतिदीर्घ रेडिओ लहरींनी हलवून खाली पाडता येतील का, हे तपासणारा त्याच्या प्रयोगशाळेचा उपग्रह जून २०१९ मध्ये कक्षेत गेला. लहर आणि कण एकमेकांना ऊर्जा कशी देतात हा प्लाझ्मा भौतिकीचा निखळ मूलभूत प्रश्न आहे, आणि पुन्हा असा स्फोट झाला तर उपग्रह कसे वाचवायचे हा निखळ लष्करी. दोहोंचे उत्तर एकच.

म्हणूनच ‘मूलभूत’ हा शब्द इथे जपून वाचावा लागतो. अमेरिकी संरक्षण खात्याच्या अंदाजपत्रकात संशोधनाची लेखाशीर्षे क्रमांकाने ओळखली जातात. ६.१ म्हणजे मूलभूत संशोधन, ६.२ म्हणजे उपयोजित, ६.३ म्हणजे प्रगत तंत्रज्ञानाचा विकास, आणि त्यापुढे प्रत्यक्ष शस्त्रप्रणाली. ६.१ खाली मिळालेल्या अनुदानातून बहुधा एखादा प्राध्यापक, दोन-तीन संशोधक विद्यार्थी आणि थोडी उपकरणे चालतात, शोधनिबंध खुलेपणाने छापले जातात, आणि वस्तू तयार करून देण्याचे बंधन नसते. १९४६ मध्ये स्थापन झालेल्या नौदल संशोधन कार्यालयाने ही पद्धत रुजवली. देशाचे राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठान १९५० मध्ये अस्तित्वात येईपर्यंत विद्यापीठांतल्या मूलभूत विज्ञानाला नौदलाचाच मोठा आधार होता.

यावर भांडणही झाले. संरक्षण खात्याने १९६० च्या दशकात ‘हाइंडसाइट’ नावाची पाहणी केली आणि २० शस्त्रप्रणालींच्या मुळाशी कोणते शोध होते ते मागे जाऊन तपासले. ज्यांच्यामागे कसलाही उपयोग डोळ्यांपुढे नव्हता अशा संशोधनाचा वाटा जेमतेम ०.३ टक्के निघाला. शास्त्रज्ञांचा आक्षेप असा होता की पाहणीने जेमतेम वीस वर्षे मागे पाहिले, मुळे त्याहून खोल असतात. हा आक्षेप मला पटतो. लँगम्यूर यांचे १९२० च्या दशकातले काम दिव्याच्या काचेतल्या वायूवर होते, आणि प्लाझ्माची घनता व तापमान मोजणारी त्यांच्या नावाची विद्युतशलाका आज उपग्रहाच्या इंजिनाची चाचणी घेताना वापरतात. १९६९ मध्ये व्हिएतनाम युद्धाच्या संतापात सिनेटर माइक मॅन्सफील्ड यांची दुरुस्ती संमत झाली आणि विशिष्ट लष्करी कामाशी थेट, उघड संबंध नसलेल्या संशोधनावर संरक्षण खात्याने पैसा खर्चू नये असा नियम आला. वर्षभरात त्याची धार बोथट केली गेली. पण अर्ज लिहिणाऱ्यांना सवय लागली ती लागलीच: शुद्ध प्लाझ्माच्या प्रस्तावातही ‘हवाई दलासाठी महत्त्व’ असा परिच्छेद आजतागायत लिहिला जातो.

आता प्रणोदनाकडे, म्हणजे यान ढकलण्याच्या विद्येकडे. रॉकेट पुढे जाते ते मागे काहीतरी फेकून, आणि जे फेकायचे ते जितक्या वेगाने फेकाल तितके ते कमी लागते. उपग्रहाच्या नेहमीच्या रासायनिक इंजिनातून वायू सेकंदाला साधारण ३ किलोमीटर वेगाने बाहेर पडतो. विजेने प्रवेगित केलेल्या प्लाझ्माचा झोत १५ ते २० किलोमीटरने निघतो. हिशोब करून पाहू. एक टन वजनाच्या उपग्रहाला वेगात सेकंदाला दीड किलोमीटरची भर घालायची असेल, तर रासायनिक इंजिनाला सुमारे ३९० किलो इंधन लागेल, आणि प्लाझ्मा इंजिनाला ८५ किलोच्या आसपास झेनॉन वायू. वाचलेल्या तीनशे किलोंत दुर्बीण नेता येते, कॅमेरा नेता येतो किंवा कक्षेतले आयुष्य वाढवता येते. किंमत मोजावी लागते ती वेळेची, कारण वीज मर्यादित असल्याने रेटा अगदी क्षीण असतो. पाच किलोवॉट विजेवर चालणारे इंजिन साधारण पाव न्यूटन रेटा देते, म्हणजे तळहातावर पंचवीस ग्रॅमचे वजन ठेवल्यावर जाणवेल तेवढा.

अशा इंजिनांपैकी हॉल इंजिन हे सर्वांत रुळलेले. कडे घातल्यासारखी एक गोल खाच, तिच्या तळाशी झेनॉन सोडणारी धनाग्राची पट्टी, आणि बाहेर तोंडाशी इलेक्ट्रॉन सोडणारी छोटी नळी. खाचेच्या आडव्या दिशेने चुंबकीय क्षेत्र असते. बाहेरून आत धावणारे हलके इलेक्ट्रॉन या क्षेत्रात अडकून खाचेभोवती गोल गोल फिरत राहतात, वाटेत आलेल्या झेनॉनचे अणू फोडतात, आणि जड आयनांना मात्र चुंबकाची फारशी पर्वा नसल्याने ते विद्युतक्षेत्राच्या ओढीने सरळ बाहेर सुटतात. निर्वात कक्षाच्या खिडकीतून पाहिले तर निळसर झोत दिसतो.

अमेरिकेत १९६० च्या दशकात याच्यावर काम झाले होते, पण तिथला जोर जाळीतून आयन खेचणाऱ्या दुसऱ्या प्रकाराकडे वळला. सोव्हिएत संघात कुर्चातोव्ह संस्थेतल्या अलेक्सेई मोरोझोव्ह यांनी मात्र हॉल इंजिनाचा पिच्छा सोडला नाही, आणि डिसेंबर १९७१ मध्ये सोडलेल्या मेतेओर उपग्रहावर ते अवकाशात चालवून दाखवले. शीतयुद्ध संपत आले तेव्हा, १९९१ मध्ये, ‘तारायुद्ध’ म्हणून हिणवल्या गेलेल्या अमेरिकी क्षेपणास्त्र-संरक्षण कार्यक्रमाच्या पैशावर तज्ज्ञांचे एक पथक हे इंजिन तपासायला तिकडे गेले आणि सांगितलेले आकडे खरे निघाले. डिसेंबर २००६ मध्ये टॅकसॅट-२ या लष्करी उपग्रहावर अमेरिकी बनावटीचे पहिले हॉल इंजिन अवकाशात चालले, अवघ्या २०० वॉटचे.

त्याची खरी परीक्षा १४ ऑगस्ट २०१० रोजी सोडलेल्या एका लष्करी दळणवळण उपग्रहाने घेतली. एईएचएफ-१ हा सहा टनांचा, अब्ज डॉलरहून महाग उपग्रह लांबट कक्षेत पोहोचला, आणि तिथून वर नेणारे त्याचे मोठे रासायनिक इंजिन पेटलेच नाही. इंधनाच्या नळीत काहीतरी अडकले होते. बांधणीच्या वेळी आत राहिलेला कापडाचा तुकडा असावा, असा नंतर निष्कर्ष निघाला. लहान रासायनिक इंजिनांनी कक्षेचा खालचा टोकाचा बिंदू वातावरणापासून दूर नेला गेला, आणि उरलेली चढाई हॉल इंजिनांवर सोपवण्यात आली, जी मुळात शेवटच्या टप्प्यासाठी आणि जागा सांभाळण्यासाठी बसवली होती. सहा टनांना पाव न्यूटनने ढकलायचे म्हणजे अख्खा दिवस अखंड ढकलल्यावर वेगात सेकंदाला जेमतेम साडेतीन मीटरची भर, सायकलवरून रमतगमत जाणाऱ्या माणसाएवढी. काही महिन्यांच्या प्रवासाला चौदा महिने लागले. ऑक्टोबर २०११ मध्ये उपग्रह आपल्या जागी पोहोचला.

या यशाची दुसरी बाजू मला अधिक रंजक वाटते. चुंबकीय क्षेत्र ओलांडून इलेक्ट्रॉनांनी जितक्या मंद गतीने झिरपायला हवे, त्याहून कितीतरी वेगाने ते हॉल इंजिनात झिरपतात, आणि असे का घडते याचे सर्वमान्य उत्तर नाही. प्लाझ्मात उठणाऱ्या सूक्ष्म लाटा त्यांना पलीकडे ढकलतात, असा कल आहे, पण कोणत्या लाटा आणि किती, यावर वाद आहे. परिणामी संगणकावर इंजिन रेखाटताना प्रयोगातले आकडे जुळावेत म्हणून एक गुणक हाताने घालावा लागतो, आणि इंजिनाचा आकार बदलला की तो गुणकही बदलतो. हवाई दलाचे वैज्ञानिक संशोधन कार्यालय ६.१ च्या शीर्षाखाली विद्यापीठांना या प्रश्नासाठी अनुदान देत आले आहे. यंत्र चालते आहे आणि ते का चालते हे पुरते ठाऊक नाही, हे दृश्य अभियांत्रिकीत नवे नव्हे.

या शेजारी भडक योजनाही होत्याच. १९५८ मध्ये सॅन दिएगो येथे टेड टेलर आणि फ्रीमन डायसन या भौतिकशास्त्रज्ञांनी डार्पा या संरक्षण खात्याच्या प्रगत संशोधन संस्थेची पूर्वसुरी असलेल्या संस्थेच्या पैशावर ओरायन प्रकल्प हाती घेतला: यानामागे एकामागून एक छोटे अणुबॉम्ब फोडायचे आणि त्यांच्या प्लाझ्माच्या तडाख्याने एक भक्कम ताट ढकलत न्यायचे. गणित वेडगळ नव्हते; साध्या स्फोटकांवरची छोटी प्रतिकृती उडालीही. पण १९६३ च्या कराराने अवकाशातल्या अणुस्फोटांवर बंदी आली आणि १९६५ मध्ये प्रकल्प मिटला. २००८ नंतर अमेरिकी संरक्षण गुप्तवार्ता संस्थेने सुमारे २.२ कोटी डॉलरच्या एका कार्यक्रमातून कृमिविवरे (अवकाशातल्या दोन दूरच्या जागा जोडणारे काल्पनिक बोगदे), अवकाश वाकवून चालणारे यान अशा विषयांवर ३८ टिपणे लिहून घेतली. तिथे एकही यान बांधले गेले नाही. नौदलाच्या एका अभियंत्याने वस्तुमान कमी करणाऱ्या यानाचे पेटंट मिळवले, आणि त्यामागच्या कल्पनेची नौदलाने सुमारे पाच लाख डॉलर खर्चून २०१९ पर्यंत चाचणी घेतली. परिणाम सिद्ध झाला नाही. पेटंट म्हणजे यंत्र चालते याचा दाखला नव्हे, आणि ‘लष्कराने पैसा दिला’ हाही नव्हे. पाच लाख डॉलर ही त्या खात्याच्या दृष्टीने कुतूहल शमवण्याची रक्कम आहे. अशी बातमी वाचताना रक्कम किती, कोणत्या शीर्षाखाली आणि किती वर्षे, हे तीन आकडे आधी शोधावेत. ५ डिसेंबर २०२२ रोजी कॅलिफोर्नियात १९२ लेसर किरणांनी २.०५ मेगाज्यूल ऊर्जा ओतून संमीलनातून ३.१५ मेगाज्यूल मिळवले गेले, तेव्हा मथळे स्वच्छ ऊर्जेचे होते. पैसा मात्र स्फोटचाचण्या थांबल्यावर अण्वस्त्रांचा साठा विश्वासार्ह आहे की नाही हे तपासणाऱ्या कार्यक्रमाचा होता.

आपल्याकडे वाटा वेगळ्या पडल्या. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेचा आदित्य टोकामॅक, म्हणजे प्लाझ्मा कोंडणारा कड्याच्या आकाराचा चुंबकीय पिंजरा, १९८९ पासून नागरी विज्ञानाच्या पैशावर चालला, आणि मे २०१७ मध्ये सोडलेल्या जीसॅट-९ वर इस्रोने विद्युत प्रणोदन वापरले. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातली ‘काली’ ही तीव्र इलेक्ट्रॉन झोत देणारी यंत्रे मात्र दोन्ही तिरांवर उभी आहेत. त्या झोतापासून सूक्ष्मलहरी तयार करून लष्करी इलेक्ट्रॉनिक्स तग धरते का, हे तपासता येते. समाजमाध्यमांनी त्यांना शत्रूची विमाने पाडणारे गुप्त अस्त्र केव्हाच ठरवून टाकले आहे.

हॉल इंजिनाकडे शेवटचे परतायचे ते एका छोट्या अडचणीसाठी. जमिनीवरचा निर्वात कक्ष कितीही चांगला असला तरी त्यात थोडा वायू उरतोच. तो इंजिनात परत शिरतो, कक्षाच्या धातूच्या भिंती इलेक्ट्रॉनांना जवळची वाट देतात, आणि मोजलेला रेटा अवकाशातल्या रेट्याशी तंतोतंत जुळेल याची हमी राहत नाही. म्हणून मे २०१५ मध्ये अमेरिकी हवाई दलाने आपल्या एक्स-३७बी या मानवरहित यानाच्या चौथ्या फेरीत एक हॉल इंजिन नेले, कक्षेत चालवले आणि रेटा मोजला. त्या यानात आणखी काय काय होते हे बव्हंशी गुप्त ठेवणाऱ्या हवाई दलाने या प्रयोगाची घोषणा मात्र उड्डाणाआधीच करून टाकली होती.